रमाबाईंचा प्रश्न : त्रैक्य, एकेश्वर आणि धर्मांतरिताचा अधिकार

पंडिता रमाबाई यांचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. संकलन सिस्टर जेराल्डीन यांचे, संपादन अ. भि. शहा यांचे. या ग्रंथाचा विचार बहुधा स्त्रीमुक्तीच्या अंगाने होतो. त्यातील ईश्वरविषयक वाद वाचक सहसा ओलांडून जातो. आमच्या मते ग्रंथाचा गाभा त्या वादातच आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात असताना त्यांनी सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्यापुढे शंका मांडल्या. ईश्वर एकच आहे, हे त्यांना मान्य होते. परंतु येशूला पित्याच्या बरोबरीचा ईश्वर मानण्यास शास्त्राधार पटत नव्हता. बाप्तिस्मा झाल्यावर असा प्रश्न उपस्थित व्हावा, याने वाँटेजच्या भगिनी व्यथित झाल्या.

प्रश्न मात्र नवा नव्हता. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियसने पुत्र हा पित्याने निर्मिलेला आहे, असे प्रतिपादिले. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये बोलाविलेल्या निकियाच्या परिषदेने पुत्र व पिता एकाच तत्त्वाचे आहेत, असा निर्णय देऊन एरियसला बहिष्कृत केले. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने तो निर्णय दृढ केला. तरीही मतभेद शमले नाहीत. त्रैक्याचे खंडन करणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. इंग्लंडमध्ये त्रैक्य नाकारणाऱ्यांवरील कायद्याचा बडगा १८१३ साली दूर झाला. तेथील एकेश्वरवादी युनिटेरियन पंथाच्या साहाय्याने विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, हे येथे स्मरणीय आहे.

या वादात भाषेचाही मोठा वाटा आहे. ग्रीक आचार्यांनी एक ‘उसिया’ आणि तीन ‘हिपोस्टॅसिस’ अशी मांडणी केली. लॅटिनमध्ये दुसऱ्या संज्ञेच्या जागी ‘पर्सोना’ हा शब्द रूढ झाला. मराठीत त्याला ‘व्यक्ती’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर तीन निरनिराळी माणसे उभी राहतात. त्रैक्याच्या पुरस्कर्त्यांना ते अभिप्रेत नाही. त्रैक्याची त्रिमूर्तीशी किंवा महायानातील त्रिकायाशी सांगड घालणारे लेखन म्हणूनच आम्ही सदोष मानतो. शब्दांतील ‘तीन’ सारखे असले, तरी सिद्धान्त सारखे होत नाहीत.

पाठचिकित्सेचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. योहानाच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत, असे सांगणारे वचन दीर्घकाळ छापले जात असे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते आढळत नाही. इरॅस्मसने १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. १५२२ च्या आवृत्तीत घेतले. रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या दोनच वर्षे आधी, १८८१ साली निघालेल्या संशोधित इंग्रजी नव्या करारातून ते वगळण्यात आले. एवढ्यावरून त्रैक्य कोसळते, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल; कारण तो सिद्धान्त त्या एका वचनावर उभा नाही. पण मूळ ग्रंथात काय आहे, हे विचारण्याचा रमाबाईंचा हट्ट अवाजवी नव्हता, एवढे यावरून निश्चित दिसते.

मग भगिनींना त्यात अहंकार का दिसला? प्रश्न सिद्धान्ताचा होता, पण त्यामागे अधिकाराचा प्रश्न दडलेला होता. नव्याने आलेल्याने प्रथम स्वीकारावे आणि मग समजून घ्यावे, ही भगिनींची अपेक्षा. समजल्याशिवाय स्वीकारणे म्हणजे विवेक गहाण टाकणे, ही रमाबाईंची भूमिका. क्रूसावर लॅटिन अक्षरे असतील तर संस्कृत का नकोत, हा त्यांचा प्रश्नही याच वृत्तीचा. बील यांनी शंकेला शंका मानून उत्तरे दिली, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. सिस्टर जेराल्डीन या संकलक असल्या तरी वादातील एक पक्षही होत्या. त्यांची टिपणे वाचताना याचे भान ठेवावे.

पुढे रमाबाईंची श्रद्धा पालटली. बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात सांगितले. म्हणून १८८५ ची पत्रे हाती धरून त्यांना केवळ बुद्धिवादी ठरविणे एकांगी होय. आणि उत्तरकालीन श्रद्धेकडे बोट दाखवून आधीचे प्रश्न अपरिपक्व ठरविणे, हेही तितकेच एकांगी होय. दोन्हीही टप्प्यांत त्यांचा निर्णय त्यांचाच होता.

आमच्या वाचकांनी हा वाद परधर्माचे वैगुण्य म्हणून वाचू नये. १९५६ च्या दीक्षेचा वारसा सांगणाऱ्या समाजाला त्यातून स्वतःलाच एक प्रश्न विचारावा लागेल. आपल्या विहारात एखाद्या तरुण उपासिकेने शास्त्राधार विचारला, तर आपण तिला ग्रंथ उघडून दाखवितो, की तिच्या श्रद्धेविषयी शंका घेतो? धर्मांतर हा विवेकाचा निर्णय असेल, तर त्या निर्णयानंतरही विवेक जागा राहिला पाहिजे. रमाबाईंच्या पत्रांचे मोल आम्हांस यातच दिसते.