सुपारी वाशीत, बारी गावात

फाल्गुन लागला की कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथल्या माथाडी वसाहतींत एक ठरलेला वाद सुरू होतो. गावच्या यात्रेला यंदा तमाशा न्यायचा की ऑर्केस्ट्रा? जुन्नर, खेड, शिरूर, पाटण, जावळीकडची 'मुंबईकर मंडळी' कुणाच्या तरी दोन खोल्यांच्या घरात रविवारी दाटीवाटीने बसतात. पावतीपुस्तके निघतात, मागच्या सालची थकलेली वर्गणी कुणाकडे आहे त्यावरून थोडी वाजते, मग चहा होतो आणि मुद्दा निघतो. पन्नाशी ओलांडलेले तमाशाच्या बाजूचे असतात, पोरांना डीजे हवा असतो. शेवटी तोडगा निघतो तो बहुधा असा: आणायचा तमाशाच, पण फडमालकाला आधीच सांगायचे, गाणी जास्त घ्या, वग आटोपता ठेवा.

हा तोडगा म्हणजे आजच्या ढोलकी-फडाच्या तमाशाची प्रकृती एका वाक्यात सांगणे आहे. नवी मुंबईत बसून तमाशावर लिहायचे म्हटले की लोक हसतात. इथे कुठला तमाशा? खरे आहे, इथे फड उतरत नाही. पण फडाला जगवणारा पैसा मोठ्या प्रमाणात इथूनच जातो.

हा प्रेक्षक खाडी ओलांडून आला कसा, ते थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला. मागोमाग मसाला आणि दाणाबाजार आले, १९९६ पर्यंत भाजी आणि फळेही आली. बाजाराबरोबर पाठीवर गोण्या वाहणारा माणूस आला. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला थोडे स्थैर्य दिले होते, इथे घरही मिळाले. हा माणूस मुख्यतः सातारा, पुणे, नगर, सांगलीचा, म्हणजे तमाशाच्याच मुलखातला. मुंबईत होता तेव्हा त्याच्या हाताशी लालबागचे हनुमान थिएटर होते. मधुकर नेराळे यांनी ते चालवले. ते स्वतः शास्त्रीय संगीत शिकलेले, त्यामुळे त्यांच्याकडे फडाची कदर नुसत्या गल्ल्यावरून होत नसे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले आणि नव्वदच्या दशकात ते थिएटरही बंद पडले. बाजार हलवताना गाळे, वजनकाटे, शीतगृहे, ट्रकतळ यांची सोय नकाशात केली गेली. हमालाच्या करमणुकीची सोय कुणाच्या नकाशात नव्हती. सिडकोला दोष देऊन मोकळे होता येईल, पण ती मागणी कुणी केली होती, हाही प्रश्न आहे.

तमाशाच्या थोर कलावंतांची आठवण मात्र आपण थाटात काढतो. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आहे, योगिराज बागूल यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र आहे. त्यांची एक हकीकत महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे: खेळ चालू असताना कनातीमागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही हकीकत ऐकून अंगावर काटा येतो, टाळ्या पडतात आणि बोलणे तिथेच संपते. 'मुंबईची केळेवाली' या वगात विठाबाई संवाद कसा टाकत, विनोदाला किती थांबत, समोरच्या सोंगाड्याला कुठे जागा देत, हे कुणी सांगत नाही. बाईने किती सोसले याची नोंद झाली. तिने काय केले याची झाली नाही. शेवटच्या आजारपणात त्यांच्या उपचारांसाठी लोकांना हात पुढे करावा लागला, हेही याच गोष्टीचे दुसरे टोक. करुण कहाणीला महाराष्ट्र नेहमी उदार असतो, पण ती कहाणी झाल्यावर.

याउलट दादू इंदुरीकर. मावळातल्या इंदोरीचे हे गजानन सरोदे. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगात त्यांनी सावळ्या कुंभार उभा केला. गोष्ट साधी आहे: शापाने गाढव झालेला गंधर्व एका कुंभाराच्या दारी येतो आणि राजकन्येशी लग्न लावून द्या म्हणून हटून बसतो. पण संहिता ही दादूंच्या हातात नुसती खुंटी होती. त्या खुंटीला ते दर रात्री नवे काही टांगत: त्या गावचा सरपंच, त्या आठवड्याचा भाव, समोर बसलेला फौजदार. म्हणूनच शंभरदा पाहिलेला माणूस एकशे एकाव्यांदा यायचा. संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला, शहरी समीक्षकांनी डोक्यावर घेतले. १९८० मध्ये ते गेले. पुढे २००७ मध्ये वगाचा चित्रपट झाला आणि संहिता कायमची गोठली. आज 'गाढवाचं लग्न' म्हटले की लोकांना मजकूर आठवतो. दादूंची कला मजकुराबाहेर होती.

कवलापूरच्या काळू-बाळूंचेही तेच. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, चेहऱ्यावरून ओळखू न येणारे. 'जहरी प्याला'मध्ये दोघे हवालदार होत आणि एकाने केलेला गोंधळ दुसऱ्याच्या अंगावर शेकायचा. जुळ्यांचा विनोद जगाच्या रंगभूमीवर जुनाच आहे. पण इथे तो सांगली-मिरजेच्या बोलीत, पोलीस चौकीच्या भाषेत आणि खालच्या जातीच्या माणसाने अधिकाऱ्याची वर्दी घालून केलेला होता. त्या हसण्याला धार होती ती तिथून. तमाशावर शृंगाराचा शिक्का मारणाऱ्यांनी ही बाजू फारशी पाहिलीच नाही.

कांताबाई सातारकरांनी तर बोर्डावर शिवाजी महाराज केले. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नावारूपाला आल्या, १९६४ मध्ये खेडकर वारले, हाल झाले, पाच वर्षांनी त्यांनी स्वतःचा फड उभा केला. तमाशातल्या बाईने मांडी ठोकून छत्रपतींच्या तोऱ्यात बोलावे आणि खेडोपाडीच्या प्रेक्षकाने तिला मुजरा करावा, हा प्रसंग मराठी रंगभूमीच्या इतिहासात जितका मोठा आहे तितका तो लिहिला गेलेला नाही. बालगंधर्वांच्या शालूवर आपल्याकडे ग्रंथ आहेत. २५ मे २०२१ ला, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कांताबाई संगमनेरला गेल्या.

या सगळ्यांत समान काय होते? बोलणे. गण झाला, गवळण झाली, मावशीने डोक्यावर पदर घेऊन पेंद्याची फजिती केली, मग बतावणी, मग रंगबाजी आणि मध्यरात्रीनंतर वग, तो तांबडे फुटेपर्यंत. नाच आणि गाणे हे या रचनेचे पाय होते, तोंड वगाचे आणि बतावणीचे होते. आज वारसा म्हणून जे चालते त्यात पाय उरले आहेत. प्रारंभीची ढोलकी-हलगीची जुगलबंदी अजून जोरात होते, कारण ती पाच मिनिटांत टाळी घेते. ढोलकीवाला कमरेला वाद्य बांधून पुढे येतो, उजव्या हाताने चाटीवर बोटे नाचवतो, डाव्याने धुमावर घिस्सा ओढतो, हलगीवाला त्याला डिवचतो. हे ऐकावे असेच असते. पण त्यानंतर गणाची दोन कडवी, गवळण उरकलेली, आणि मग पडदा उघडतो तो हिंदी गाण्यांवर. एलईडी भिंत, धूर, कीबोर्ड. झिलकरी तुणतुणे घेऊन मागे उभा असतो, तो फक्त फोटोत शोभतो.

फडमालकांना यासाठी धारेवर धरणे सोपे आहे. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे, कांताबाईंचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी शंभराच्या आसपास माणसांचे संसार या धंद्यावर ओढले आहेत. दसऱ्याला कलावंतांना उचल द्यायची, त्यासाठी कर्ज काढायचे, ट्रक-तंबूचा खर्च, आणि सगळी भिस्त चैत्रातल्या यात्रांवर. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रा कमिट्या सुपाऱ्या देऊन जातात. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. त्या हंगामाचे आणि पुढच्याही हंगामाचे कर्ज काही फड अजून फेडत असतील. अशा मालकाला 'परंपरा जपा' असे वाशीत बसून सांगणे हा आगाऊपणा झाला. गिऱ्हाईक गाणी मागते, तो गाणी देतो. आणि ते गिऱ्हाईक, म्हणजे वर्गणी देणारे, आमच्या शेजारी राहते.

दुसरे कारण वेळेचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचा कर्णा बंद केला. नियम चांगलाच आहे, रुग्णालयाशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळाची कात्री तिथे लागली आणि ती नेमकी वगावर पडली, कारण वग शेवटी येतो. गाणी आधी असतात, ती वाचली. एखादी कला रसिकांच्या अभिरुचीने बदलते असे आपण मोठ्या गांभीर्याने लिहितो. कधीकधी ती नुसती घड्याळाने बदलते.

आता नवी मुंबईकडे या. वाशीत महापालिकेचे नाट्यगृह आहे आणि त्याला नाव विष्णुदास भावे यांचे. १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' करणारे भावे पुढे स्वतःची मंडळी घेऊन गावोगाव फिरले, मुंबईत ग्रँट रोडला त्यांनी तिकीट लावून खेळ केले. त्यांचा सूत्रधार खेळभर गात असे, राक्षस आरडाओरडा करत येत आणि पात्रे आयत्या वेळी भाषणे रचत. म्हणजे मराठी नाटकाचा जनक मानला गेलेला माणूस आजच्या फडमालकाला जवळचा होता, दिवाणखान्यातल्या नाटककाराला नव्हे. त्यांच्या नावाच्या वास्तूत मात्र आपल्याला मिळतात व्यावसायिक नाटके, गाण्यांच्या मैफली, शाळांची स्नेहसंमेलने आणि अधूनमधून लावणीचे शो. लावणीच्या शोला माझा विरोध नाही. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांच्या 'संगीत बारी'सारख्या प्रयोगाने शहरी प्रेक्षकाला बैठकीच्या अदाकारीकडे पाहायला शिकवले आणि शकुंतलाबाई नगरकरांचे मोठेपण दाखवले, हे मोठे काम. पण संगीत बारी आणि ढोलकी-फड ही दोन वेगळी घराणी आहेत. रेकॉर्ड लावून त्यावर नाचण्याला लावणी म्हणणारे जे कार्यक्रम हल्ली मैदाने भरवतात, ते या दोहोंत बसत नाहीत. तिथे ढोलकीवाल्यालाच सुट्टी दिलेली असते.

हे शहर मोठे खेळ घेऊ शकत नाही असेही नाही. २०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. त्यासाठी गाड्या, पार्किंग, पोलीस बंदोबस्त, सगळे जुळवले गेले. त्याआधी जस्टिन बीबर, यू-टू येऊन गेले. एका फडाला यातला दहावा हिस्साही लागत नाही: ट्रक वळेल एवढे मैदान, वीज, पाणी, बायकांना कपडे बदलायला आडोसा.

आणि वेळेचे कोडे फडांनी स्वतःच जुन्या काळी सोडवून ठेवले आहे. यात्रेत रात्रीचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी उन्हात हजेरी होते. रात्री जे राहिले ते तिथे निघते, बोलण्याला तिथे जास्त वाव असतो, प्रेक्षकही चेहऱ्याने दिसतो आणि सोंगाड्याला नेमका कुणाला चिमटा काढायचा ते कळते. तुर्भ्याच्या भाजीबाजाराचे काम मध्यरात्रीनंतर सुरू होते. ट्रक लागतात, पहाटे सौदे होतात, दुपारपर्यंत गाळे शांत. म्हणजे इथल्या प्रेक्षकाला रात्र मोकळी नसतेच, दुपार असते. बाजार समितीच्या आवारात किंवा लगतच्या मोकळ्या जागेत दुपारी एक ते पाच हजेरीच्या धर्तीवर बतावणी आणि पुरा वग लावला, तर दहाच्या नियमाला धक्का लागत नाही. पदरमोड करून गावाला सुपारी पाठवणारा माणूस इथे तिकीट काढील की नाही, ते एका हंगामात समजेल. नवा वग लिहायला विषयही समोरच पडला आहे: आडत, तोलाई, रातोरात पडणारा कांद्याचा भाव, आणि काट्यावर उभा असलेला सरकारी माणूस. दादूंना एवढे मिळाले असते तर सावळ्याने गाढव तुर्भ्याच्या काट्यावरच चढवले असते.