कालिया आणि गोजिरा

चमत्कृती जितकी सफाईदार तितका तिचा परिणाम मोठा, हे मत चित्रपटांच्या बाबतीत तपासून पाहावे लागते. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटाच्या आरंभीच दादासाहेब फाळके यांची कन्या मंदाकिनी साध्या वेषात निरनिराळे मुखभाव दाखविते आणि मग कृष्णरूप धारण करते. सोंग आधीच उघड होते. तरीही डोहातील नागाशी चाललेली झुंज पाहताना रसभंग होत नाही.

इशिरो होंडा यांच्या 'गोजिरा' (१९५४) या जपानी चित्रपटाचे आकर्षणही याच जातीचे होय. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या शब्दांच्या जोडणीतून घडलेले नावच त्या प्राण्याचे कृत्रिमत्व सुचविते. रबरी सोंगात माणूस आहे, पायाखालचे टोकियो ही प्रतिकृती आहे, हे प्रेक्षक जाणतो. ही जाणीवच त्याला भयाकडे पाहण्याचे धैर्य देते. भय मात्र खरे होते : त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बिकिनी येथील हायड्रोजन बाँबच्या चाचणीची किरणोत्सारी राख जपानी मच्छीमारांवर पडली होती.

भेद शेवटात आहे. कालिया नमतो आणि कथेचे मंगल होते. गोजिरा मरतो, परंतु चाचण्या चालूच राहिल्या तर दुसरा उद्भवेल, अशी शंका चित्रपटातच व्यक्त होते. म्हणूनच तंत्र जुने झाले तरी ते सोंग हास्यास्पद ठरत नाही.