तीन लघुग्रहांचे एक चित्र : खरे, पण अपुरे

माथिल्ड, गॅस्प्रा आणि इडा या तीन लघुग्रहांची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडलेले नासाचे एक चित्र प्रसिद्ध आहे. गॅस्प्रा व इडा यांची छायाचित्रे गॅलिलिओ यानाने अनुक्रमे १९९१ व १९९३ मध्ये घेतली. माथिल्डचे छायाचित्र निअर यानाने २७ जून १९९७ रोजी, सुमारे १,२०० किलोमीटरवरून जाताना घेतले. हे चित्र वर्गात कसे दाखवावे, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम चित्राचा गुण. तिन्ही लघुग्रह एकाच प्रमाणात दाखवले आहेत. सुमारे १८ किलोमीटर लांबीचा गॅस्प्रा, लांबोडका इडा आणि ६६ किलोमीटर लांबीचा माथिल्ड यांची तुलना त्यामुळे नजरेनेच होते. अवकाशातील प्रत्येक वस्तू चेंडूसारखी गोल असते, ही विद्यार्थ्यांची समजूतही आपोआप दूर होते.

दोष आहे तो तेजस्वितेत. पाहण्याच्या सोयीसाठी तिघांची तेजस्विता सारखी केलेली आहे. मूळ चित्राखालच्या मजकुरात तसे प्रामाणिकपणे सांगितलेही आहे. परंतु चित्र तक्त्यावर उतरताना ती ओळ गळाली, तर विद्यार्थी तिघांना एकाच दगडाचे तुकडे समजतील. प्रत्यक्षात गॅस्प्रा व इडा आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी वीस टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित करतात. माथिल्ड फक्त चार टक्के. तो कोळशासारखा काळा आहे.

एवढ्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. दुर्बिणीतून लघुग्रह केवळ एक ठिपका दिसतो. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या योहान पालिसा यांना माथिल्ड सापडला तेव्हा तोही ठिपकाच होता. ठिपक्याच्या तेजावरून आकार काढायचा तर पृष्ठभाग किती काळा आहे हे ठाऊक हवे. दोन लघुग्रह सारख्याच अंतरावर असून सारखेच तेजस्वी दिसतात, पण एक दुसऱ्याच्या पाचपट काळा आहे, असे समजा. मग काळ्याचे क्षेत्रफळ पाचपट, म्हणजे व्यास सुमारे सव्वादोन पट असला पाहिजे. शिवाय हा काळेपणा पृष्ठभागावरील कार्बनयुक्त द्रव्याची खूण आहे, आणि कार्बनयुक्त गटातला जवळून पाहिलेला पहिला लघुग्रह म्हणजे माथिल्ड. जी गोष्ट त्याला इतर दोघांपासून वेगळे करते, तीच या चित्रातून पुसली गेली आहे.

माथिल्डवरील विवरांना जगातील कोळसाक्षेत्रांची नावे दिलेली आहेत. त्यांत आपल्या दामोदर खोऱ्याचेही नाव आहे. चित्र जे लपवते ते नावे सांगतात!

आणखी एक गोष्ट कोणतेच छायाचित्र दाखवू शकत नाही, म्हणून तिचा दोष चित्राला देता येणार नाही. माथिल्ड चित्रात भक्कम खडक वाटतो. पण जवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने यानाच्या वेगात किंचित फरक पडला. तो यानाच्या रेडिओ संदेशांवरून मोजून वस्तुमान काढण्यात आले. घनता निघाली घन सेंटिमीटरला अवघी १.३ ग्रॅम. कार्बनयुक्त अशनींची घनता साधारण याच्या दुप्पट असते. म्हणजे माथिल्डचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ्यांचा असावा. सुमारे ३३ किलोमीटर रुंदीचे विवर पाडणारा आघात सोसूनही तो फुटला नाही, याचे कारण बहुधा हेच. कौलावर दगड आपटला तर कौल फुटते. वाळूच्या ढिगावर आपटला तर खड्डा पडतो, ढीग तसाच राहतो.

तेव्हा चित्र टाकून देऊ नये. त्याला प्रयोगाची जोड द्यावी. लोणारी कोळशाचा आणि विटेचा तुकडा एकाच दिव्याखाली ठेवा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चौकट पूर्ण भरेल अशा रीतीने प्रत्येकाचे स्वतंत्र कृष्णधवल छायाचित्र घ्या. कॅमेरा प्रकाश आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे दोन्ही जवळजवळ सारखीच करडी दिसतील. मग दोन्ही तुकडे एकाच चौकटीत घ्या. फरक काय पडला, तो विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. त्यानंतर लघुग्रहांचे चित्र भिंतीवर लावा आणि गळालेली ओळ त्याखाली एखाद्या विद्यार्थ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घ्या : आकार प्रमाणात आहेत, तेजस्विता नाही.