गरम वस्तरा: श्रेय कोणाचे?

वस्तरा गरम पाण्यात बुडवून घेतला की दाढी गुळगुळीत होते, असे म्हणतात. हे विधान आम्हाला अपुरे वाटते. पोलाद ४० अंशांनी तापले तरी लांबीत जेमतेम ०.०५ टक्के वाढते. पात्याला दिलेले पाणीही उकळत्या पाण्यात उतरत नाही. बदलतो तो केस. दोन-तीन मिनिटे भिजला की तो पाणी शोषून मऊ होतो, कापायला जोर कमी लागतो. ऊब त्वचेला सुखावते, आणि श्रेय मात्र वस्तऱ्याला मिळते. पारख करायची तर दोन्ही गाल सारखेच भिजवावेत. एकावर गरम, दुसऱ्यावर गार वस्तरा फिरवावा. निकाल मात्र स्वतः देऊ नये, कारण गरम कोणता हे गालाला कळतेच. उरलेले खुंट ही गोष्ट ठाऊक नसलेल्या मित्राने तपासावेत.