निर्णायक क्षणामागची भूमिती

आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या छायाचित्रांची चर्चा बहुधा 'निर्णायक क्षण' या संकल्पनेपाशी येऊन थांबते. १९५२ च्या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीचे हे शीर्षक. मूळ फ्रेंच शीर्षकात घाईने, चोरून टिपलेल्या प्रतिमांचा भाव आहे. दोन्हींत भर काळावर, अवकाशाचा प्रश्न बाजूलाच राहतो. १९३२ मधील 'इएर' पाहावे. वरून दिसणारा वळणदार जिना, लोखंडी कठडा, खालच्या रस्त्याची वक्र कड ही रचना सायकलस्वार येण्यापूर्वीच सिद्ध आहे. तो पुसट उमटतो. स्थिर आहे ती भूमिती. आंद्रे लोतच्या चित्रशाळेतील (घनवादी वळणाचे) संस्कार येथे जाणवतात. तरीही याला निव्वळ रूपवाद म्हणणे अन्यायाचे ठरेल. सायकलस्वार वगळला तर जिना केवळ आकृतिबंध उरतो; त्याच्यामुळे ती वक्र रेषा कुणाच्या तरी जाण्यायेण्याची वाट होते.

त्याच वर्षीचे साँ-लाझार स्थानकामागचे छायाचित्र कुंपणाच्या फटीतून टिपलेले. त्याची कड पुढे कापावी लागली. अखंड चौकटीचा आग्रह धरणाऱ्या कलावंताच्या बाबतीत हे अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. भूमिती सापडली किती आणि घडवली किती, हा प्रश्न त्या कापलेल्या कडेपाशी उभा राहतो.