सर्वांना लिहिलेले पत्र

माझा एक भाचा वीस-बावीस वर्षांपासून अमेरिकेत आहे. दर डिसेंबरात त्याचे एक पत्र येते. पूर्वी पाकिटातून येई, आता संगणकावर येते आणि आमच्या शाळेतला कारकून ते मला छापून देतो. पत्र इंग्रजीत. वर मित्रांना व आप्तांना उद्देशून एकच मायना आणि खाली कुटुंबाचा वर्षभराचा वृत्तान्त. वार्षिक स्नेहसंमेलनात मी जो अहवाल वाचतो, त्याची आणि या पत्राची भाषा इतकी सारखी, की पहिल्यांदा वाचताना मला माझीच चोरी पकडली गेल्यासारखे वाटले. यशाची उज्ज्वल परंपरा यंदाही अबाधित होती. फक्त विद्यालयाच्या जागी बिऱ्हाड होते.

तिकडे हा रूढ लेखनप्रकार आहे. नाताळचे छापील शुभेच्छापत्र लंडनमध्ये हेन्री कोल यांनी १८४३ साली काढले. पण वर्षाचे पत्र फोफावले ते प्रती काढणे स्वस्त झाल्यावर. झेरॉक्सचे '९१४' हे यंत्र १९५९ चे. एकच मजकूर साहेबाला, शेजाऱ्याला आणि मावशीला जाऊ लागला, आणि विनोदाचे बीज येथेच पडले. साहेबाला चालेल ते मावशीला पुरत नाही, आणि मावशीला सांगायचे ते साहेबासमोर बोलता येत नाही. मग उरतात ती बढती, सहल, मुलांची पदके. लिहिणारा स्वतःविषयीही परक्याने लिहावे तसे लिहितो. सबंध पत्रात 'तू' हा शब्दच नसतो. आपल्या जुन्या पत्रांतले 'इकडील सर्व कुशल' हेही ठोकळेबाजच होते, हे मान्य. पण त्याच्या पाठोपाठ 'तिकडील कळवावे' असे.

ब्रिटनमध्ये या पत्राला 'राउंड रॉबिन' म्हणतात. 'गार्डियन'चे स्तंभलेखक सायमन हॉगर्ट (निधन २०१४) यांनी वाचकांकडून अशी पत्रे मागवून दोन पुस्तके केली: 'द कॅट दॅट कुड ओपन द फ्रिज' (२००४) आणि 'द हॅमस्टर दॅट लव्हड पुचिनी' (२००५). फ्रिज उघडणारे मांजर आणि पुचिनीच्या ऑपेराचा षौक असलेला पिंजऱ्यातला चिमुकला प्राणी! मुलेच नव्हेत, घरातली जनावरेसुद्धा गुणवत्ता यादीत. आपली फुशारकी आपल्याला ऐकू येत नाही, हे हॉगर्ट यांनी नेमके हेरले आहे आणि त्यांची टिप्पणी खुसखुशीत आहे. पण वाचता वाचता मला एक प्रश्न छळू लागला. ही पत्रे त्यांच्याकडे पाठवली कोणी? ज्यांना ती आपुलकीने आली, त्यांनीच ना? त्यांत केवळ बढाया नाहीत. आजारपणे आहेत, मृत्यू आहेत. तेथे मांडणी चुकली म्हणून हसणे मला जमले नाही. नावे झाकली तरी माणूस खरा असतो.

डेव्हिड सेडारिस या अमेरिकन विनोदकाराने वाट बदलली. 'बॅरल फीव्हर' (१९९४) या संग्रहातली त्याची कथा म्हणजे मिसेस डनबार या गृहिणीने लिहिलेले असेच नाताळपत्र आहे. उद्गारचिन्हांचा सडा घालत ती आनंदवार्ता सांगू लागते. हळूहळू कळते, की नवऱ्याला व्हिएतनाम युद्धाच्या काळात झालेली तरुण मुलगी दारात येऊन उभी राहिली आहे, स्वतःची मुलगी व्यसनात बुडाली आहे आणि तान्ह्या नातवाचा घरातच भयंकर अंत झाला आहे. बाई मात्र सणाचा सूर सोडत नाही. तो सूरच अखेर तिच्याविरुद्ध साक्ष देतो. शेवट मला अंमळ भडक वाटला. वाचकाला आधीच उमगलेले लेखक पुन्हा ठोकून सांगतो. पण खऱ्या माणसाची टर न उडवता त्या लेखनप्रकाराचा पोकळपणा दाखवावा तो असा.

स्वतःला नकळत उघडे पडणारे निवेदक आपल्याला परके नाहीत. बडोद्यास पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींचा चिमणराव याच जातीचा. फरक एवढाच, की चिमणरावाला हसताना त्याच्याविषयीची माया पातळ होत नाही. डनबारबाईंविषयी मला ती वाटत नाही, आणि सेडारिसला ती वाटायला नकोच आहे. या बाबतीत माझे मत जोशींकडे आहे, ते केवळ मराठीच्या अभिमानापोटी नव्हे.

भाच्याचे पत्र मी अक्काला, म्हणजे त्याच्या आईला, वाचून दाखवतो. तिला मराठी येते, बाजारापुरते कानडी येते, इंग्रजी येत नाही. मराठीत आणताना त्या पत्राचे काहीतरी होते. इंग्रजीत भारदस्त वाटणारे 'आव्हानात्मक पण समाधान देणारे वर्ष' मराठीत तोंडातून निघता निघेना, तेव्हा मी 'काम फार होतं' एवढेच म्हणालो. यंदा पोहण्याची पदके झाली, नवे स्वयंपाकघर झाले, कुत्र्याचे शिक्षणही झाले. अक्काने सगळे ऐकून घेतले.

"आणि माझ्या गुडघ्याचं विचारलंय काय रे त्यानं?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"विचारलंय की," मी म्हणालो.