पडद्यामागचें ज्ञान आणि पडद्यावरचा रस

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं 'किंग काँग' हा १९३३ सालचा अमेरिकन बोलपट मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीसह घरींच पाहिला. न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर विमानांतील गोळ्यांनीं घायाळ झालेला तो महाकाय वानर आपल्या छातीवरील जखम चाचपून पाहतो, हातांतील नायिकेला जपून खालीं ठेवतो, आणि कोसळतो. मुलगी हुंदके देऊन रडूं लागली. तिचें समाधान करावें म्हणून मीं तिला सांगितलें, "अग, तो खरा वानर नव्हे. दीड फूट उंचीचा बाहुला आहे तो. वर सशाचें कातडें चढविलेलें आहे." तिचें रडें थांबलें खरें, परंतु माझ्याकडे पाहून तिनें विचारलें, "मग मी रडलें तें खोटं का, बाबा?"

या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध होय.

अद्भुत, भयानक अथवा वैज्ञानिक कल्पनांवर उभारलेल्या चित्रपटांभोंवतीं आज एक दुसरें वाङ्मयच वाढलेलें आहे. अमुक देखावा कसा साधला, तमुक पात्राच्या मागें भिंतीवर कोणत्या जुन्या चित्रपटाची खूण दडविली आहे, याच्या याद्या लोक आवडीनें वाचतात. कित्येकांना ही रसिकतेची परमावधि वाटते, तर कित्येकांना रसाची हत्या. मला हे दोन्ही पक्ष एकांगी वाटतात. कारण हें ज्ञान एका जातीचें नाहीं.

त्याची पहिली जात केवळ कुतूहलाची. 'किंग काँग'मधील बेटावर जो प्रचंड दरवाजा दिसतो तो 'किंग ऑफ किंग्ज' या १९२७ च्या चित्रपटाच्या नेपथ्यांतून उरलेला. पुढें 'गॉन विथ द विंड'मधील आगीच्या देखाव्यासाठीं १९३८ सालीं तो जाळण्यांत आला. बेटावरील अरण्यहि 'द मोस्ट डेंजरस गेम' या १९३२ च्या बोलपटाशीं वांटून घेतलेलें. इतकेंच नव्हे, तर नायिका फे रे हीहि दोहोंकडे तीच! ही माहिती मनोरंजक आहे, निर्मात्यांच्या काटकसरीचें कौतुकहि वाटतें; पण ती कळल्यानें दरवाजा अधिक भयाण होत नाहीं कीं अरण्य अधिक घनदाट होत नाहीं. अशी माहिती चहाबरोबर सांगावी आणि विसरून जावी.

दुसरी जात खोट्या माहितीची, आणि ती सर्वांत दीर्घायुषी. १९६२ सालीं जपानमध्यें 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला' हा चित्रपट निघाला. त्याचे शेवट दोन आहेत, अमेरिकेंत काँग जिंकतो व जपानांत गॉडझिला, असें कित्येक वर्षें जाणकार म्हणविणारे लोक छातीठोकपणें सांगत आले. वस्तुतः दोन्ही प्रतींत समुद्रांतून वर येऊन घराकडे पोहत जातो तो काँगच. ज्यानें त्यानें आपल्या राष्ट्राचा वीर विजयी करावा ही कल्पना इतकी गोंडस कीं, ती तपासून पाहण्याची कोणास गरजच भासली नाहीं. मिरविण्यासाठीं जमविलेलें ज्ञान असेंच असतें. तें सांगण्यांत गोडी असते, पारखण्यांत नसते.

परंतु तिसरी एक जात आहे, आणि तिच्यासाठींच हा खटाटोप. काँगच्या अंगावरील केंस पडद्यावर सारखे थरथरतांना दिसतात. मार्सेल डेलगाडो यानें तो बाहुला घडविला आणि विलिस ओब्रायन व त्याचे सहकारी यांनीं तो हलविला. एक चित्र घ्यावयाचें, बाहुल्याचा हात केंसभर सरकवावयाचा, पुन्हां चित्र घ्यावयाचें. अशीं एका सेकंदाला २४ चित्रें, म्हणजे एका मिनिटाच्या देखाव्याला १,४४०. प्रत्येक वेळीं बोटांचा दाब केंसांवर पडे आणि ते किंचित् विस्कटत. हा खरोखर कारागिरीतला दोष. पण पडद्यावर तो दोष राहिला नाहीं. काँग संतापानें फुलून उठला आहे, जिवंतपणें श्वास घेत आहे, असें वाटूं लागलें. हें कळल्यावर देखाव्याची किंमत उतरते काय? माझ्या मतें वाढते. त्या वानराच्या अंगावरून जी लहर जाते तिच्यांत, आपल्याला कधींहि न दिसणाऱ्या एका माणसाच्या बोटांचा स्पर्श आहे.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट शेवटच्या प्रवेशांत दडलेली आहे. काँगला मारणाऱ्या विमानांत जे दोन शिलेदार दिसतात ते दुसरे तिसरे कोणी नसून चित्रपटाचे दोघे दिग्दर्शक, मेरियन कूपर व अर्नेस्ट शोडसॅक, हेच आहेत. कूपर हा पहिल्या महायुद्धांतील खराखुरा वैमानिक. १९१८ सालीं त्याचें विमान पाडलें गेलें व तो जर्मनांचा कैदी झाला. या जोडीनें पूर्वी इराणांत 'ग्रास' (१९२५) व सयामांत 'चँग' (१९२७) हे चित्रपट प्रत्यक्ष रानावनांत जाऊन घेतले होते. कथेंत काँगला पकडून आणणारा डेनहॅम हाहि कॅमेरा घेऊन अज्ञात प्रदेशांत शिरणारा साहसी चित्रपटकारच. तो कूपरवरूनच बेतलेला आहे.

आतां हा धागा पुढें न्या. वानराच्या प्रेताजवळ उभा राहून डेनहॅम अखेरीस दोष देतो तो विमानांना नव्हे, सौंदर्याला. चित्रपटाच्या आरंभीं याच अर्थाचें एक वचन 'जुनी अरबी म्हण' म्हणून दाखविलें आहे. तीहि अरबी नव्हे, ती कूपरनेंच रचलेली. म्हणजे जमिनीवर उभा असलेला डेनहॅम हात झटकून मोकळा होतो, आणि त्याच वेळीं वर आकाशांत डेनहॅमचा मूळ पुरुष स्वतः विमानांत बसलेला असतो! कूपरला हा अर्थ अभिप्रेत होता कीं ती नुसती थट्टा होती, या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. ज्यानें त्या प्राण्याला जन्म दिला, त्याच्यावर पैसा मिळविला, त्यानेंच त्याला मारलें, हें एकदां कळलें कीं तो शेवट करुण राहतोच, पण आपल्याला अपराधीहि करतो. कारण तमाशाचें तिकीट काढून आपणहि त्यांत सामील झालेले असतों.

गुप्त संकेतांनाहि हीच कसोटी लावावी. २००५ सालीं पीटर जॅक्सन यानें हाच चित्रपट नव्यानें काढला. त्यांत जहाजाच्या तळघरांत एका खोक्यावर 'सुमात्राचा उंदीर-माकड' असा मजकूर दिसतो. जॅक्सनच्याच १९९२ सालच्या 'ब्रेनडेड' या चित्रपटाची ती आठवण. ज्याला ठाऊक तो हंसतो, इतरांना तें खोकें निव्वळ खोकें. याउलट, नायिकेच्या शोधांत असलेल्या डेनहॅमला एका प्रसंगीं फे हिचें नांव सुचविलें जातें, आणि ती कूपरच्या चित्रपटांत गुंतल्याचें कळतांच तो चरफडतो. ज्याला पूर्वीचा चित्रपट माहीत नाहीं त्यालाहि येथें अडल्या माणसाची तारांबळ दिसते. ज्याला माहीत आहे त्याला त्याखेरीज एका जुन्या नायिकेला केलेला नमस्कार दिसतो. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर वाच्यार्थ भक्कम असल्यावांचून व्यंग्यार्थाला उभें राहण्यास जागाच नाहीं. मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचलें. पण ती युक्ति न उमगलेल्या श्रोत्यालाहि रामकथा ऐकावयास मिळतेच.

आणि या बाबतींत आपल्याला दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१९ सालीं 'कालिया मर्दन' काढला, त्यांत कृष्णाची भूमिका त्यांची सुमारें सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिनें केली. चित्रपटाच्या प्रारंभीं ही मुलगी प्रथम मुलगी म्हणूनच आपल्यापुढें येते, मुद्रेवर नाना भाव दाखविते, आणि मग पाहतां पाहतां तिचा कृष्ण होतो. ज्या बापानें पडद्यावर चमत्कार घडविले, त्यानें आधीं पडदा बाजूला सारून चमत्काराचें मूळ दाखविलें. गुपित कळल्यानें रस मरत असता, तर तें सर्वांआधीं त्यानेंच झांकून ठेवलें असतें.

माझी चूक आतां माझ्या ध्यानांत आली. मीं मुलीला जें सांगितलें तें खोटें नव्हतें, अर्धें होतें. मीं तिला बाहुला सांगितला, बोटें सांगितलीं नाहींत. रडें थांबविण्यासाठीं ज्ञानाचा उपयोग केला, तें समजून घेण्यासाठीं केला नाहीं. पुढच्या रविवारीं तिला मीं सगळी हकीकत सांगितली. त्या केंसांची, त्या वैमानिकाची, आणि फाळक्यांच्या मंदाकिनीचीहि. तिनें तो शेवट पुन्हां लावावयास सांगितला. ती काँगच्या केंसांकडे टक लावून पाहत होती. आणि तो कोसळला तेव्हां तिचे डोळे पुन्हां भरून आले. या खेपेस मीं मध्यें बोललों नाहीं.